सर्व्हरच्या फाइलीतली ‘चारसोबीस’

पुण्याचा दूरध्वनी संकेतांक ०२०, मुंबईचा ०२२, कोल्हापूरचा ०२३१, लातूरचा ०२३८२ आणि पणजीचा ०८३२. ज्यांच्या घरी अजून तारेचा दूरध्वनी आहे, त्यांना यांतला एखादा तरी आकडा पाठ असेल. हे पाच संकेतांक एका साध्या फाइलीत एकाखाली एक टंकित केले आणि ती फाइल संगणकाला वाचायला दिली, तर तो काय वाचेल? प्रस्तुत प्रतिनिधीने हा प्रयोग करून पाहिला. उत्तर आले ते असे : पुणे १६, मुंबई १८, कोल्हापूर १५३. लातूर आणि पणजी मात्र जसेच्या तसे, शून्यासकट सुखरूप.

संगणक बिघडलेला नव्हता, फाइलीत व्हायरस शिरलेला नव्हता आणि टंकलेखनाची चूकही नव्हती. फाइल ‘यॅमल’ या मांडणीत लिहिलेली होती आणि ती वाचणारी आज्ञावली आपल्या नियमांशी पूर्णपणे प्रामाणिक राहिली होती. तिचा नियम असा, की ज्या आकड्याची सुरुवात शून्याने होते आणि ज्यात शून्य ते सात एवढेच अंक असतात, तो आकडा दशमान नव्हे, तर अष्टमान पद्धतीतला समजावा. अष्टमानात ०२० म्हणजे दोन वेळा आठ, अर्थात सोळा. लातूर व पणजी यांच्या संकेतांकांत आठचा अंक आहे. अष्टमान पद्धतीत आठ हा अंकच नसतो. तेव्हा या दोन नोंदी संख्या नव्हेतच, तो नुसता मजकूर आहे, असा निर्वाळा संगणकाने दिला. एकाच रकान्यातल्या पाच नोंदींपैकी तीन संख्या झाल्या आणि दोन मजकूर राहिल्या. कोणी तक्रार केली नाही, कोणताही इशारा पडद्यावर उमटला नाही.

दूरध्वनीच्या यादीत असे घडले, तर फार तर एखादा फोन लागणार नाही. पण संकेतस्थळांमागचे सर्व्हर कसे उभे करायचे, कोणत्या फाइलीला कोणाचा हात लागू द्यायचा, बाहेरच्या जगासाठी कोणता दरवाजा उघडा ठेवायचा, याच्या सूचना आज मोठ्या प्रमाणावर याच मांडणीच्या फाइलींत लिहिल्या जातात. तिथे ‘नाही’ म्हणून लिहिलेला शब्द यंत्राने ‘होय’ असा वाचला, तर काय होईल?

साचा आणि रिकाम्या जागा

एखादाच सर्व्हर असेल, तर तो हाताने मांडता येतो. आज्ञा टंकित करायच्या, फाइली उघडून बदल करायचे, सेवा सुरू करायची. सर्व्हर पन्नास झाले, की हे काम माणसाच्या आवाक्याबाहेर जाते. पन्नासांपैकी तीन ठिकाणी काहीतरी राहून जाते आणि कुठे राहिले ते आठवत नाही. म्हणून हे काम स्क्रिप्टवर सोपवण्याची रीत पडली. पपेट, शेफ, सॉल्ट ही अशा साधनांची नावे. २०१२ मध्ये मायकेल डीहान यांनी आणलेले ‘अ‍ॅन्सिबल’ हे त्यांतले विशेष लोकप्रिय झालेले साधन. २०१५ मध्ये रेड हॅट या कंपनीने ते विकत घेतले. उर्सुला ल ग्विन या लेखिकेने १९६६ मध्ये आपल्या विज्ञानकादंबरीतील दूरसंपर्क यंत्रासाठी जो शब्द घडवला, तोच हा.

या साधनांचे मर्म साच्यात आहे. सरकारी कार्यालयातला छापील अर्ज आठवावा. मजकूर सर्वांसाठी एकच असतो. नाव, गाव आणि वय यांच्या जागा रिकाम्या असतात. सर्व्हरच्या बाबतीतही तसेच. मांडणीचा साचा, म्हणजेच टेम्प्लेट, एकदाच लिहायचा आणि ज्या गोष्टी सर्व्हरगणिक बदलतात त्यांच्यासाठी दुहेरी महिरपी कंसांत रिकामी जागा ठेवायची. त्या जागेला व्हेरिएबल म्हणतात. अ‍ॅन्सिबलमध्ये या जागा भरण्याचे काम ‘जिंजा’ नावाचे इंजिन करते. जिंजा म्हणजे जपानमधले देवस्थान. इंग्रजीत देवळाला जो शब्द आहे तो आणि टेम्प्लेट हा शब्द कानाला जवळचे वाटतात, म्हणून हे नाव ठेवले. युगांडात याच नावाचे शहर आहे, त्याच्याशी आपला संबंध नाही, असा खुलासाही जिंजाच्या कर्त्यांनी करून ठेवला आहे.

रिकाम्या जागेत जे भरायचे त्याला मूल्य असते, तसाच प्रकारही असतो. पिनकोड अंकांनी बनलेला असतो. पण दोन पिनकोडांची बेरीज कोणी करत नाही. तो दिसायला संख्या, प्रकाराने मजकूर. पगार मात्र खरोखरच संख्या. ‘लग्न झाले आहे का?’ या रकान्यातले उत्तर होय किंवा नाही यांपैकी एक. माणूस संदर्भावरून हा भेद आपसूक करतो. यंत्राला तो कोणीतरी सांगावा लागतो, किंवा मग यंत्र अंदाज बांधते. आपल्या कथेतली सगळी गुंतागुंत या अंदाजापासून सुरू होते.

अंदाज बांधणारी मांडणी

क्लार्क इव्हान्स, इंगी डॉट नेट (हे संकेतस्थळ नव्हे, गृहस्थांचे नाव आहे) आणि ओरेन बेन-किकी या तिघांनी २००१ मध्ये यॅमलची कल्पना मांडली. त्यांचा हेतू चांगला होता. माणसाला सहज वाचता यावी, अवतरणचिन्हांचा आणि कंसांचा काटेरी पसारा नसावा, अशी मांडणी त्यांना हवी होती. पण अवतरणचिन्हे काढून टाकली, की मजकूर कोणता आणि संख्या कोणती हे ओळखण्याची जबाबदारी वाचणाऱ्या यंत्रावर येते. यॅमलच्या १.१ या आवृत्तीने त्यासाठी उदार नियम केले. इंग्रजी यस, नो, ऑन, ऑफ, ट्रू, फॉल्स हे शब्द अवतरणचिन्हांवाचून आले, की ते होय-नाही या प्रकारचे समजायचे, असे ठरले.

याचा फटका नॉर्वेला बसला. देशांच्या दोन अक्षरी आंतरराष्ट्रीय संकेतांत नॉर्वेसाठी एन आणि ओ ही अक्षरे आहेत. स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड यांचे संकेत यादीत मजकूर म्हणून नीट वाचले जातात. नॉर्वेपाशी आले, की यंत्र ‘नो’ वाचते आणि देशाच्या जागी ‘असत्य’ असे नोंदवते. प्रोग्रामरांच्या जगात हा पेच ‘नॉर्वेचा प्रश्न’ म्हणूनच ओळखला जातो.

वेळेची तऱ्हा याहून विचित्र. अपूर्णविरामाने जोडलेले आकडे हे साठाच्या पटीतले समजावेत, असाही एक नियम १.१ मध्ये होता. कार्यालय सकाळी ०९:३० ला उघडते आणि संध्याकाळी १८:३० ला बंद होते, असे लिहिले, तर बंद होण्याची वेळ १११० अशी वाचली जाते. अठरा साठे एक हजार ऐंशी, अधिक तीस. उघडण्याची वेळ मात्र मजकूरच राहते, कारण या नियमात पहिला अंक शून्य चालत नाही. एकाच कार्यालयाच्या दोन वेळा, आणि दोन वेगळे प्रकार!

आवृत्तिक्रमांकांचीही हीच गत. ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथन या भाषेची ३.१० ही आवृत्ती आली. तोवर ३.८, ३.९ असे लिहिण्याची सवय होती आणि त्यात काही बिघडत नव्हते. ३.१० लिहिताच यंत्राने ती दशांश संख्या मानली, शेवटचे शून्य निरर्थक म्हणून गाळले आणि अनेक प्रकल्पांच्या स्वयंचलित चाचण्या ३.१ ही जुनीपुराणी आवृत्ती शोधत बसल्या.

हे सारे उघडकीला आल्यावर नियम बदलले नाहीत का? बदलले. २००९ मध्ये आलेल्या यॅमल १.२ ने यस-नो आणि साठाची पटी यांना रजा दिली. पण मांडणीचा नियम बदलणे वेगळे आणि ती वाचणाऱ्या आज्ञावल्या बदलणे वेगळे. अ‍ॅन्सिबल ज्या वाचकावर विसंबते, तो ‘पायॅमल’ १.१ चेच नियम पाळतो. जगभरच्या असंख्य फाइली त्याच नियमांवर उभ्या असताना ते एका रात्रीत बदलणे कोणालाच परवडणारे नाही.

०६४४ चे ४२०

अष्टमान पद्धत एरवी उपयोगी पडते ती कुठे? त्याचे उत्तर सर्व्हरच्या कुलपांत आहे. लिनक्ससारख्या प्रणालीत प्रत्येक फाइलीचे हक्क तीन अंकांत लिहिले जातात. पहिला अंक मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा इतरांचा. वाचण्याचा हक्क चार, लिहिण्याचा दोन, चालवण्याचा एक. त्यांची बेरीज म्हणजे तो अंक. ६४४ म्हणजे मालकाला वाचता-लिहिता येईल, बाकीच्यांना फक्त वाचता येईल. ६०० म्हणजे मालकाखेरीज कोणालाही हात लावता येणार नाही. पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या ठेवण्याच्या फाइलींना ६०० चे कुलूप घालतात. हे सर्व अंक शून्य ते सात यांच्या दरम्यानच असतात, म्हणून ते अष्टमानात लिहिण्याची परंपरा आहे.

स्क्रिप्टमध्ये कोणी ०६४४ लिहिले, की यॅमल ते अष्टमानातून दशमानात आणते आणि उत्तर येते बरोबर ४२०. भारतीय दंडसंहितेचा अंमल १ जुलै २०२४ पासून संपला आणि तिच्याबरोबर फसवणुकीचे ४२० वे कलमही गेले. पण मराठी माणसाला हा आकडा पाहून जे वाटायचे ते वाटतेच. इथवर खरे तर फसवणूक नसते, कारण दशमानातले ४२० आणि अष्टमानातले ६४४ ही एकच संख्या होय. फसवणूक होते ती पुढे, दोन वाटांनी.

पहिली वाट म्हणजे पुढचे शून्य विसरणे. गुप्त किल्लीच्या फाइलीसाठी नुसते ६०० लिहिले आणि अवतरणचिन्हे दिली नाहीत, तर यॅमलच्या लेखी ती दशमानातली सहाशे ही संख्या. तिचे अष्टमान रूप ११३०. त्यातला पहिला एक हा एका विशेष खुणेचा, तो बाजूला ठेवू. उरले १३०. मालकाला फक्त चालवण्याचा हक्क, वाचण्याचा नाही. गटाला मात्र लिहिण्याचा आणि चालवण्याचा. ज्या तिजोरीची किल्ली एकट्या मालकाकडे असायला हवी, ती मालकालाच उघडेना आणि गटातल्या कोणालाही आतला ऐवज बदलता यावा, असा हा प्रकार. मालक ‘रूट’ हा सर्वाधिकारी असेल, तर त्याला काही जाणवतही नाही, कारण रूटला ही कुलपे आड येत नाहीत. म्हणजे बिघाड कामात दिसत नाही. दिसलाच तर सुरक्षेच्या तपासणीत, किंवा तपासणीच्या आधी पोहोचलेल्या आगंतुकाला.

दुसरी वाट साच्यातून जाते. ४२० झालेली ती संख्या साच्यातल्या रिकाम्या जागेतून पुढे गेली, की तिचा मजकूर होऊ शकतो. फाइलीचे हक्क ठरवणाऱ्या विभागाच्या हाती ‘४२०’ असा मजकूर पडतो. मजकूर आला, की तो अष्टमानातच लिहिलेला असणार असे गृहीत धरून हा विभाग त्याचे पुन्हा रूपांतर करतो. आता मालकाला केवळ वाचता येते आणि गटाला केवळ लिहिता येते. इथे चारसोबीस खरी झाली. अ‍ॅन्सिबलच्या अधिकृत मार्गदर्शिकेत म्हणूनच सांगितले आहे, की हे आकडे अवतरणचिन्हांत लिहावेत. नुसते पुढे शून्य देण्याची युक्ती काही वेळा चालते आणि काही वेळा फसते.

छापला की मजकूर

साच्यातून जाताना संख्येचा मजकूर का होतो? कारण साचे भरणारी इंजिने जन्माला आली ती वेबपाने तयार करण्यासाठी. वेबपान हा अथपासून इतिपर्यंत मजकूरच असतो. तिथे ८०८० ही संख्या भरली काय किंवा ‘८०८०’ हा मजकूर भरला काय, वाचणाऱ्याला फरक पडत नाही. तेच इंजिन सर्व्हरच्या मांडणीसाठी वापरायला घेतले, तेव्हा हा स्वभावही सोबत आला. छापखान्यात गेलेले काहीही छापील होऊनच बाहेर येते, तसे.

मग या मजकुरात एक मिळवायला गेले, की स्क्रिप्ट चूक दाखवून थांबते. ही त्यातल्या त्यात बरी अवस्था, कारण थांबलेली स्क्रिप्ट कोणाचे नुकसान करत नाही. तुलनेची चूक अधिक वाईट. संख्या म्हणून ९ हे १० पेक्षा लहान. पण मजकूर म्हणून तुलना शब्दकोशातल्या क्रमाने, पहिल्या अक्षरापासून होते आणि ९ हे १ च्या पुढे येते. तेव्हा ‘९’ हा मजकूर ‘१०’ पेक्षा मोठा ठरतो. सर्व्हरवर किमान दहा गिगाबाइट मोकळी जागा हवी अशी अट असेल, तर नऊ असलेला सर्व्हर बिनदिक्कत पास होतो.

अ‍ॅन्सिबलच्या कर्त्यांनी यावर काही डागडुजी केली होती. भरलेला मजकूर यादीसारखा दिसला, तर त्याची पुन्हा यादी करायची; रिकाम्या जागेत एकटे व्हेरिएबल असेल, तर त्याचा प्रकार तसाच राखायचा. म्हणजे एका अंदाजाने बिघडवलेले दुसऱ्या अंदाजाने सुधारायचे. २०१८ मध्ये २.७ या आवृत्तीत मूळ प्रकार जपण्याचा पर्याय आला, पण तो वापरणाऱ्याने मुद्दाम सुरू करावा लागे. जुलै २०२५ मध्ये आलेल्या अ‍ॅन्सिबल-कोअर २.१९ या आवृत्तीत तो पर्याय न राहता नियमच झाला.

‘नाही’ लिहिले, ‘होय’ वाचले

सर्वांत घातक प्रकार होय-नाहीचा. एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या पतसंस्थेचे संगणकीय काम पाहणाऱ्या छोट्या कंपनीत सर्व्हर उभारण्याची स्क्रिप्ट आहे. तिच्यात एक कळ आहे : जुना डेटाबेस पुसायचा की नाही. चाचणीच्या सर्व्हरवर ती चालू ठेवायची, खऱ्या सर्व्हरवर बंद. खऱ्या सर्व्हरवर स्क्रिप्ट चालवताना अभियंता आज्ञेच्या ओळीतच ‘पुसणे बरोबर फॉल्स’ अशा अर्थाची सूचना देतो. तीन वर्षे सगळे सुरळीत चालते.

आता खोच अशी, की आज्ञेच्या ओळीत नाव, बरोबरचे चिन्ह आणि मूल्य अशा रीतीने दिलेली कोणतीही गोष्ट अ‍ॅन्सिबल मजकूर म्हणूनच घेते. अभियंत्याने दिलेले ‘फॉल्स’ हे असत्य नव्हतेच, ती पाच इंग्रजी अक्षरे होती. आणि अ‍ॅन्सिबल ज्या पायथन भाषेत लिहिले आहे, तिच्यात रिकामा नसलेला कोणताही मजकूर सत्य मानला जातो. मग त्या मजकुरात ‘असत्य’ असे का लिहिलेले असेना.

तरीही तीन वर्षे काही बिघडले नाही, कारण अटीत एकटेच व्हेरिएबल असेल, तर त्यातल्या मजकुराचा अर्थ लावून पाहण्याची सवलत जुन्या अ‍ॅन्सिबलमध्ये होती. मग एक दिवस एखादा सावध सहकारी येतो. डेटाबेस पुसण्यासारख्या कामाला एकच अट पुरेशी नाही, असे त्याला वाटते आणि ते बरोबरही असते. तो अट वाढवतो : पुसण्याची कळ चालू हवी ‘आणि’ सर्व्हरला टाळे लावलेले नसावे. ‘आणि’ आल्याबरोबर अट एकट्या व्हेरिएबलची राहत नाही, सवलत संपते आणि पायथनचा मूळ नियम लागू होतो. ‘फॉल्स’ हा मजकूर रिकामा नाही, म्हणजे सत्य. टाळे कोणी लावलेले नसते. सावधगिरी म्हणून घातलेल्या कडीनेच दार उघडते आणि खातेदारांच्या नोंदी पुसल्या जातात. कालची प्रत असेल, तर आजचा एक दिवस जातो. नसेल, तर काय जाते याची कल्पना वाचकांनीच करावी.

२०१९ च्या २.८ आवृत्तीपासून ही सवलत मागे घेण्याची तयारी सुरू झाली आणि पुढे ती बंद झाली. २.१९ मध्ये तर अटीचे उत्तर निखळ होय किंवा नाही असेच असले पाहिजे, नाहीतर स्क्रिप्ट जागच्या जागी थांबते. त्यामुळे जुन्या स्क्रिप्टा नव्या आवृत्तीवर अडू लागतात आणि अभियंत्यांची चिडचिड होते. जुनी वागणूक तात्पुरती परत आणण्याची एक कळही दिलेली आहे. ती दाबून मोकळे होण्याचा मोह समजण्यासारखा असला, तरी अडलेली प्रत्येक अट ही वरच्या पतसंस्थेसारखी एक शक्यता आहे, हे ध्यानात घेतले तर ही अडवणूक उपकारकच म्हणावी लागेल.

दुरुस्ती कोठे करावी

अशी चूक सापडली, की बहुतेक जण जिथे बिघाड दिसला तिथेच मलमपट्टी करतात. अ‍ॅन्सिबलमध्ये व्हेरिएबलच्या पुढे उभी दांडी देऊन ‘बूल’ लिहिले, की मजकुराचे होय-नाही होते; ‘इंट’ लिहिले, की पूर्णांक होतो. वरच्या अटीत हे एक पद असते, तर अनर्थ टळला असता. पण ही औषधेही डोळे झाकून घेण्यासारखी नाहीत. ‘बूल’ला ओळखीचे मोजके शब्द सापडले, तर तो होय म्हणतो, बाकी काहीही आले, तर जुन्या आवृत्त्यांत तो मुकाट्याने नाही म्हणत असे. कोणी ‘एनेबल्ड’ लिहिले, तरी नाहीच. ‘इंट’ला संख्या वाचता आली नाही, तर तो शून्य देतो. पोर्टच्या जागी शून्य गेल्यावर जो गोंधळ होईल, त्याचे मूळ शोधायला संध्याकाळ लागते.

जाता जाता एक गंमत. यॅमलच्या फाइलीत देवनागरी अंकांत ८०८० लिहिले, तर यॅमल ते मजकूर समजते. त्याच्या नियमांत फक्त इंग्रजी अंक आहेत. पण त्याच मजकुराला ‘इंट’ लावला, की पायथन देवनागरी अंक व्यवस्थित वाचते आणि खरीखुरी संख्या देते. अर्थात सर्व्हरवर हा प्रयोग करून सहकाऱ्यांचा रोष ओढवून घेऊ नये.

मलमपट्टीआधी निदान करावे. कोणत्याही व्हेरिएबलचा प्रकार छापून दाखवणारे ‘टाइप-डीबग’ नावाचे साधन अ‍ॅन्सिबलमध्येच आहे. मूल्य छापून पाहिले तर ‘फॉल्स’ आणि फॉल्स सारखेच दिसू शकतात. प्रकार छापला, की भेद उघडा पडतो. मग उलट दिशेने चालत जायचे : अटीपासून साच्यापर्यंत, साच्यापासून मूळ फाइलीपर्यंत किंवा आज्ञेच्या ओळीपर्यंत. प्रकार जिथे हरवला तिथे दुरुस्ती करायची. मूळ फाइलीत हरवला असेल, तर अवतरणचिन्हे घालायची. संकेतांक, आवृत्तिक्रमांक, वेळा, फाइलींचे हक्क हे सगळे त्यात आले. आज्ञेच्या ओळीत हरवला असेल, तर तीच सूचना जेसन मांडणीत द्यायची, कारण त्या मांडणीत संख्या, मजकूर आणि होय-नाही यांच्या खुणा वेगळ्या असतात. सर्व्हरांची यादी जुन्या आयएनआय मांडणीत असेल, तर विशेष जपावे. तिथे सर्व्हरच्या नावाच्या ओळीत लिहिलेले मूल्य आणि गटाच्या विभागात लिहिलेले तेच मूल्य यांचे प्रकार निराळे ठरू शकतात, असे मार्गदर्शिकाच सांगते. व्याख्येच्या वेळच्या प्रकारावर न विसंबता वापराच्या जागी रूपांतर करा, असा तिचा सल्ला आहे. इथे मात्र उभी दांडीच योग्य.

साच्याच्या बाहेरच्या टोकालाही एक खड्डा आहे. साचा भरून जेसन मांडणीची फाइल तयार करायची असेल आणि रिकाम्या जागेत होय-नाही हे मूल्य थेट भरले, तर पायथनच्या रीतीप्रमाणे मोठ्या टी अक्षराचे ‘ट्रू’ छापले जाते. जेसनला लहान टी लागतो. फाइल दिसायला चोख असते, पण ती वाचणारी सेवा सुरूच होत नाही. अवतरणचिन्हे आणि अक्षरे हाताने जुळवत बसण्यापेक्षा मूल्याला ‘टू-जेसन’ लावावे; छपाईचे नियम ते साधन स्वतः सांभाळते.

याहून भक्कम उपाय म्हणजे दारावरच ओळखपत्र तपासणे. २०२१ मध्ये आलेल्या अ‍ॅन्सिबल-कोअर २.११ पासून स्क्रिप्टच्या प्रत्येक स्वतंत्र भागासाठी, कोणते व्हेरिएबल कोणत्या प्रकारचे हवे, याची यादी लिहून ठेवता येते. पोर्टच्या जागी अक्षरे आली, तर काम सुरू होण्याआधीच नकार मिळतो. ही यादी लिहायला अर्धा तास लागतो, म्हणून ती बहुतेक ठिकाणी लिहिलेली नसते.

हा आजार एकट्या अ‍ॅन्सिबलचा नाही. कुबरनेटिसच्या जगात ‘हेल्म’ हे साचे भरणारे साधन वापरतात. तिथे सात-आठ अंकी क्रमांक अवतरणचिन्हांवाचून दिला, तर तो कधी दशांशचिन्ह आणि दहाचा घात अशा शास्त्रीय रूपात छापला जातो. म्हणून मूल्य मजकूरच समजावे अशी सूचना देण्याची वेगळी सोय त्यात आहे. पपेटने २०१५ च्या चौथ्या आवृत्तीत संख्या आणि मजकूर यांची फारकत केली आणि प्रकार घोषित करण्याची सोय दिली. टेराफॉर्मने २०१९ मध्ये ०.१२ या आवृत्तीत, प्रत्येक गोष्ट अवतरणचिन्हांतल्या मजकुरात कोंबण्याची जुनी रीत सोडली. आणि २०२५ मध्ये कुबरनेटिसच्या १.३४ या आवृत्तीबरोबर ‘केयॅमल’ नावाची यॅमलचीच एक काटेकोर पोटमांडणी प्रयोगादाखल आली. तिच्यात मजकुराला दरवेळी अवतरणचिन्हे दिली जातात. ज्या चिन्हांना कंटाळून २००१ मध्ये यॅमल जन्मले, ती चिन्हे अशी मागच्या दाराने परतली आहेत.

सुरुवातीच्या फाइलीतही ती घालून पाहिली. पुण्याचे ०२०, मुंबईचे ०२२ आणि कोल्हापूरचे ०२३१ परत आले. लातूर आणि पणजी यांना त्यांची गरज नव्हती, तरी त्यांनाही दिली. कारण पुढच्या वेळी यादीत भर घालणारा माणूस वरची ओळ पाहूनच खालची लिहिणार आणि त्याच्या गावाच्या संकेतांकात आठ किंवा नऊ असेलच, असे नाही.